श्रीमंत गिऱ्हाईक येण्याआधी: कोकण किनाऱ्यावरचा बंगला विक्रीला काढण्याचा क्रम

घर विकायचं ठरलं की कोकणात पहिला फोन रंगाऱ्याला जातो आणि दुसरा फरशीवाल्याला. दोन-तीन महिने धूळ उडते, लाखो रुपये खर्च होतात आणि मग एजंट मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक घेऊन येतो. ते घर बघतं, कोकम सरबत घेतं, "छान आहे, कळवतो" म्हणतं आणि कळवत नाही.

दोन-पाच कोटी मोजणारा माणूस फरशी स्वतःच्या आवडीची घालून घेतो, तुमची उखडून टाकतो. त्याच्या मनात वेगळेच प्रश्न असतात. सातबाऱ्यावर नावं किती आहेत? मेमध्ये विहिरीला पाणी असतं का? पावसाळाभर कुलूप राहिलं तर दार उघडल्यावर वास कसला येईल? अडचण आली तर गावात कोण बघेल? यांची उत्तरं तयार असतील तर जुन्या फरशीचं घरही चांगल्या भावाने जातं.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी कागद, मग पाणी, मग छप्पर आणि भिंती, मग वीज. सजावट सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात. अलिबाग, दापोली, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला अशा गावाशहरांतला स्वतंत्र बंगला किंवा जुनं ऐसपैस घर समोर ठेवून पुढचं लिहिलं आहे. मोठा फ्लॅट असेल तर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## तयारीचं वर्ष कसं आखायचं

ही तयारी एप्रिलमध्ये सुरू करा. कागदांचं काम आणि मोजणी उन्हाळ्यातच उरकावी लागते, कारण पावसात रान माजलं की हद्दीच्या खुणा दिसत नाहीत. पाण्याची खरी परीक्षा मे महिन्यात होते आणि गळतीची जुलैत. दुरुस्ती ऑक्टोबरमध्ये करा. फोटो त्याच सुमाराला काढा, पाऊस थांबून आगर (घरामागची माडा-पोफळीची बाग) हिरवंगार असतं तेव्हा. घर दाखवायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

बहुतेक जण नोव्हेंबरात ठरवतात आणि डिसेंबरात दाखवायला लागतात. मग गिऱ्हाईक मेच्या पाण्याबद्दल विचारतं आणि तुमच्याकडे "असतं हो पाणी" यापलीकडे काही नसतं.

## १. गिऱ्हाईक कुठलं, ते आधी ठरवा

किनाऱ्यावर पैसेवाली गिऱ्हाइकं साधारण तीन प्रकारची येतात.

शनिवार-रविवारसाठी घर हवं असलेल्याला प्रवासाचा वेळ आणि भरवशाचा राखणदार महत्त्वाचा असतो. अलिबाग पट्ट्यात हाच वर्ग मोठा आहे. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो (गाड्या नेणारी बोट) २०२० मध्ये आणि अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यावर तो आणखी वाढला. दक्षिणेला दापोली-रत्नागिरीत तो कमी भेटतो, कारण मुंबई-गोवा महामार्गाच्या भरवशावर दर आठवड्याला कुणी येत नाही.

दुसरा वर्ग निवृत्तीनंतर परतणाऱ्यांचा. बऱ्याचदा हा आपलाच चाकरमानी असतो किंवा परदेशातून येणारा त्याचा मुलगा. याला तळमजल्यावर झोपायची खोली, पायरी न चढता जाता येईल असं न्हाणीघर आणि अर्ध्या तासात गाठता येईल असं चांगलं रुग्णालय हवं. रत्नागिरी शहरातलं घर याला गणपतीपुळ्याच्या समुद्रदर्शनी बंगल्यापेक्षा जास्त पटतं.

तिसरा व्हिला म्हणून भाड्याने देणारा. तो खोल्यांपेक्षा न्हाणीघरं मोजतो, सेप्टिक टाकी किती माणसांची आहे ते विचारतो आणि गाड्या किती लागतील ते पाहतो.

तिघांनाही एकाच घरात खूश करायला जाऊ नका. तुमच्या घराला कुठला वर्ग साजतो ते ठरवा आणि पुढचा खर्च त्याच्याकडे बघून करा.

## २. कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. व्यवहार मोडतात ते इथेच, आणि तेही मन जुळल्यानंतर, विसार (आगाऊ रक्कम) हातात आल्यावर.

सातबारा, ८अ (खाते उतारा) आणि फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी). आजोबांपासूनचे सगळे फेरफार काढून एका ओळीत लावा. जमीन नगर भूमापन हद्दीत असेल तर मालमत्ता पत्रक लागेल. मृत व्यक्तीचं नाव अजून चालू असेल तर वारस नोंद आधी करून घ्या.

बहिणी आणि आत्या. हिंदू कुटुंबात २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलार्जित मालमत्तेत मुलांइतकाच जन्मतः हक्क मिळाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. "तिचं लग्नात सगळं दिलंय" हे कायद्यात चालत नाही. एक तर तिचा हिस्सा द्या आणि खरेदीखतावर तिची सही घ्या, किंवा ती स्वखुशीने सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. गिऱ्हाइकाचा वकील पहिलं हेच शोधतो. मला तर वाटतं, घर विकायचा विचार पहिल्यांदा बोलून दाखवायचा तोच मुळी बहिणींसमोर.

इतर हक्क. सातबाऱ्याच्या या रकान्यात कूळ, विकास सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज किंवा विहिरीतला दुसऱ्याचा हिस्सा लिहिलेला असतो. फेडलेल्या कर्जाचा बोजाही नोंद कमी करून घेईपर्यंत तिथेच राहतो. कुळाचं नाव असेल तर महसुलातलं काम जाणणारा वकील गाठा, तलाठ्याकडच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयातून हद्द कायम मोजणी करून घ्या आणि खुणांचे दगड पक्के बसवा. गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, हीच हद्द असं गृहीत धरू नका. पिढ्यान्‌पिढ्या गडगा हात-दोन हात सरकलेला असतो. सामायिक जमिनीत पोटहिस्सा पडलेला नसेल तर तुमचा तुकडा नकाशावर वेगळा दिसतच नाही.

शेती की बिनशेती. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. मुंबईतल्या उद्योजकाकडे पैसा असतो, शेतकरी असल्याचा दाखला असतोच असं नाही. घराखालची जमीन बिनशेती आणि मागची आंब्याची बाग शेती असेल, तर कुठला भाग कुणाला विकता येईल हे आधी लिहून ठेवा.

सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरची बंधनं. समुद्र दिसणाऱ्या घराला हा प्रश्न येतोच. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण भागासाठी भरतीरेषेपासून विकासाला मनाई असलेला पट्टा दाट वस्तीत ५० मीटर आणि इतरत्र २०० मीटर असा धरला आहे. नगरपालिका हद्दीतल्या बांधलेल्या भागाचे नियम निराळे आहेत. खाडीकाठही यात येतो, हे पुष्कळ जण विसरतात. आपल्या जिल्ह्याला लागू असलेला किनारा व्यवस्थापन नकाशा बघा आणि अधिकृत संस्थेकडून भरतीरेषा आखून घेतलेला नकाशा फाइलला लावा. घर जुनं आणि कायदेशीर असलं तरी मजला चढवता येईल का, पोहण्याचा तलाव बांधता येईल का, हे गिऱ्हाईक विचारणारच.

बांधकाम. परवानगी, मंजूर नकाशा, घरपट्टीचा उतारा आणि भोगवटा प्रमाणपत्र. नंतर वाढवलेली पडवी किंवा वरची खोली नकाशात नसेल तर ती नियमित होते का ते इंजिनिअरला विचारा. फ्लॅट असेल तर इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) सोसायटीच्या नावे झालं आहे का, हे दोन कागद आधी काढा.

रस्ता. शेजाऱ्याच्या अंगणातून जाणारी पाखाडी (दगडी पायवाट) तुम्हाला चालते, कारण तुमची पिढ्यांची ओळख आहे. नव्या मालकाची ओळख नाही आणि त्याची गाडी रुंद आहे. वाट नकाशावर नसेल तर शेजाऱ्याशी नोंदणीकृत करार करा.

> थांबा. सर्व हिस्सेदारांच्या सह्या होतील याची खात्री होईपर्यंत कुणाकडूनही विसार घेऊ नका. एका भावाने घेतलेला विसार सगळ्या घराला कोर्टात नेतो.

## ३. पाणी

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात दोन गोष्टी करा.

पहिली, पाण्याचा साठा. सकाळी विहिरीची पातळी मोजा, पंप सलग चालवा, पातळी किती उतरली आणि पुन्हा पहिल्या खुणेवर यायला किती तास लागले ते लिहा. असं तीन-चार दिवस करा, तारीख टाकून फोटो काढा. हा साधा कागद गिऱ्हाइकाला फार आवडतो, कारण असा कागद त्याला दुसरीकडे कुणी दाखवलेला नसतो.

दुसरी, पाण्याची तपासणी. किनाऱ्याजवळ जास्त उपसा झाला की खारं पाणी आत सरकतं आणि ते उन्हाळ्याच्या शेवटी कळतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. क्लोराइडसाठी हेच आकडे २५० आणि १,००० आहेत. सरकारमान्य प्रयोगशाळेचा अहवाल घ्या, जंतूंची तपासणीही सांगा.

क्षार जास्त निघाले तर लपवू नका. नळयोजनेचं कनेक्शन, पागोळीचं पाणी साठवायची टाकी, शुद्धीकरण यंत्र यांपैकी काय केलं आहे ते दाखवा. किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा मोठ्या छपराच्या घराला साठवण टाकी न बांधणं हीच खरी उधळपट्टी आहे.

> तपासा. शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे? निदान पंधरा-अठरा मीटर तरी हवा. जांभ्यातल्या भेगांतून सांडपाणी झटकन पुढे जातं, म्हणून आपल्याकडे जितकं जास्त अंतर तितकं चांगलं. व्हिलासाठी घेणारा हे टेप लावून मोजतो.

## ४. छप्पर, भिंती, लोखंड

जुलैच्या मुसळधार पावसात माळ्यावर टॉर्च घेऊन चढा आणि गळतीच्या जागी खडूने खुणा करा. कौलारू घर असेल तर फुटकी कौलं, कुजलेले वासे, वाळवी लागलेल्या रिपा यांची यादी तिथेच होते. पावसाळा संपला की या खुणा दिसत नाहीत आणि सुतार अंदाजाने काम करतो.

जांभ्याच्या भिंती ओल शोषतात आणि उन्हात ती बाहेर टाकतात. त्यावर सिमेंटचा जाड गिलावा आणि वर प्लास्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते, मग फुगे येतात. अशा भिंतीला चुन्याचा किंवा वाफ बाहेर सोडणारा रंगच द्या. बाहेरून जांभा उघडा दिसत असेल तर तसाच स्वच्छ करून ठेवा. शहरातलं गिऱ्हाईक त्याच भिंतीसमोर उभं राहून फोटो काढतं.

आरसीसी घरात छज्जे, बाल्कनीच्या खालची बाजू आणि गच्चीतले कॉलम हातोडीने हलकेच ठोकून बघा. पोकळ आवाज आला किंवा गंजाचे तांबडे ओघळ दिसले तर आत सळई फुगली आहे. खाऱ्या वाऱ्यात, त्यातही बांधताना खारी रेती वापरली असेल तर, हे ठरलेलंच. वरून पुट्टी मारून झाकलेला छज्जा पुढच्या पावसात पडतो. गिऱ्हाईक आपला इंजिनिअर घेऊन येणार आहे. त्याच्याआधी तुमच्या इंजिनिअरकडून स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या आणि दुरुस्तीची बिलं जपून ठेवा.

किरकोळ वाटणारी एक गोष्ट: बिजागऱ्या, कड्या, कठड्याचे पाइप. दुकानात सहज मिळणारं ३०४ प्रतीचं स्टील समुद्रालगत डाग धरतं. ३१६ प्रतीचं महाग पडतं पण टिकतं. पैसे कमी असतील तर निदान मुख्य दार आणि समुद्राकडच्या खिडक्यांना ते लावा. दार उघडताना हाताला गंज लागला की पुढे दाखवलेलं सगळं घर फिकं पडतं.

> थांबा. ओल आलेल्या भिंतीवर लाकडी पॅनेल किंवा पीओपी लावू नका. झाकलेलं दिसलं की माणूस झाकलेलं आणखी काय काय आहे ते शोधू लागतो.

## ५. वीज आणि इंटरनेट

गुरुवारी रात्री येऊन सोमवारी जाणारा माणूस शुक्रवारी घरून काम करतो. त्यामुळे इंटरनेट आता पाण्याच्या खालोखाल आलं आहे. फायबरची लाइन घ्या आणि गिऱ्हाइकाला स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून बघू द्या.

चार एसी, गिझर, पंप आणि उद्या कदाचित गाडीचं चार्जिंग, एवढ्याला पुरेल असा मंजूर भार आणि थ्री फेज जोडणी महावितरणकडून आधीच करून घ्या. अर्थिंग नव्याने तपासा. सुकलेल्या जांभ्यात ते नीट बसत नाही आणि मे-ऑक्टोबरच्या विजांच्या दिवसांत पंप आणि टीव्ही जळतात. मीटरजवळ सर्ज प्रोटेक्टर लावा. इन्व्हर्टर किती तास काय काय चालवतो ते तक्त्यावर लिहून तिथेच चिकटवा.

## ६. आतली मांडणी

इथे आल्यावर हात आवरा. लोक सगळ्यात जास्त चुकीचा खर्च इथेच करतात.

करण्यासारखं आहे ते असं. प्रत्येक झोपायच्या खोलीला स्वतःचं न्हाणीघर, सुकं राहणारं, खिडकी किंवा पंखा असलेलं. मागच्या पडवीत स्वयंपाकाचा दुसरा ओटा, म्हणजे मासे साफ करणं, भांडी, फोडणी तिकडे होईल आणि पुढचं स्वयंपाकघर पाहुण्यांसमोर स्वच्छ राहील. राखणदार आणि ड्रायव्हरसाठी वेगळी खोली, तिला वेगळा संडास. ज्याच्या घरी माणसं कामाला आहेत तो ही खोली आवर्जून बघतो आणि ती नीट असली की तुमच्याबद्दलचं मत चांगलं होतं. मालकाचं सामान कुलूपबंद राहील असं एक कपाट किंवा खोली. सगळ्या खिडक्यांना डासांची जाळी. दोन-तीन गाड्या वळतील एवढं अंगण.

मोडू नये अशा गोष्टीही आहेत. लाल कोब्याची जमीन, सागवानी खांब, झोपाळा, ओटा, उंच आढं, वारा खेळवणारी समोरासमोरची दारं-खिडक्या. हे सगळं आज नव्याने करायला फार खर्च येतो. इटालियन मार्बल मात्र घालू नका. पावसात ओल्या पायाने तो निसरडा होतो आणि आमसूल किंवा लिंबू सांडलं की आम्लाने कायमचा डाग पडतो.

समुद्र दिसावा म्हणून माड आणि सुरूची झाडं तोडणारे भेटतात तेव्हा फार वाईट वाटतं. तीच झाडं खारा वारा अडवतात, घर थंड ठेवतात आणि शेजारच्या गच्चीवरून होणारी नजर चुकवतात. खालच्या फांद्या विरळ करून मधून समुद्र दिसू द्या, तेवढं पुरे.

> तपासा: बंद घराची परीक्षा. ऑगस्टमध्ये घर पंधरा दिवस कुलूप लावून ठेवा. मग दार उघडून आत पाऊल टाका आणि वास घ्या. गाद्या, कपाटांच्या मागच्या फळ्या, चामड्याच्या वस्तू यांवर बुरशी बघा. कुबट वास आला तर हवा जायची वाट नाही असं समजा: वरच्या झडपा, कपाटांना जाळी, भिंतीपासून सरकवलेलं फर्निचर आणि आठवड्यातून दोनदा दारं उघडणारा माणूस, हे उपाय करा आणि परीक्षा पुन्हा घ्या.

## ७. किंमत आणि एजंट

रेडी रेकनर दर मुद्रांक शुल्कासाठी असतो, बाजारभाव त्यावरून कळत नाही. शेजारच्याने "चार कोटींना दिलं" हेही खरं मानू नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ बघता येते. गेल्या दोन-तीन वर्षांत आसपास नोंदलेले व्यवहार त्यात काढा. त्यातून जो आकडा येईल त्यापासून पाण्याचा, रस्त्याचा, सीआरझेडचा अधिक-उणा विचार करा.

एजंट एकच नेमा, दलाली लिहून ठरवा, मुदत घाला. पाच जणांना सांगितलं की पाच किमती फिरतात आणि गिऱ्हाईक सगळ्यात कमी किमतीपासून घासाघीस सुरू करतं.

रोखीचा आग्रह धरू नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. सरळ गिऱ्हाईक रोखीची गोष्ट निघताच मागे सरतं.

## ८. घर दाखवण्याचा दिवस

घरातलं एकच माणूस बोलेल असं ठरवा. सहा नातेवाईक एकदम बोलू लागले की हिस्सेदार एकमताचे नाहीत असा समज होतो, आणि तो बऱ्याचदा खरा असतो.

दुपारी तीनच्या पुढे बोलवा, म्हणजे वारा कळतो आणि संध्याकाळचा उजेड मिळतो. आदल्या दिवशी दारं-खिडक्या उघड्या ठेवा. उदबत्ती आणि सुवासिक फवारे नकोत. त्यांनी संशय येतो. कागदांची फाइल टेबलावर असू द्या.

वादळ आणि पूर यांबद्दल विचारण्याआधीच सांगा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड आणि दापोलीच्या पट्ट्यात किती छपरं उडाली, २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं, हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या घराचं तेव्हा काय झालं, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, नंतर काय मजबूत केलं, ते जागेवर दाखवा. जवळ मासळी वाळत असेल, जेटीचा आवाज येत असेल, तर तेही सांगा. ते त्याला पहिल्या मुक्कामात कळणारच आहे.

## ९. विसारापासून ताब्यापर्यंत

बोलणी ठरली की गिऱ्हाइकाच्या वकिलाला तपासणीसाठी मुदत द्या. तो मालकीच्या नोंदींचा साधारण ३० वर्षांचा शोध घेईल, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देईल. घाई करू नका. नंतर साठेखत (विक्रीचा करार), नोंदणीकृत, ज्यात रक्कम कधी किती आणि घरातल्या कुठल्या वस्तू सोबत जाणार हे लिहिलेलं असेल. झोपाळा आणि पितळी भांडी यांवरूनही वाद होतात.

व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर गिऱ्हाईक १ टक्का टीडीएस कापून भरेल. त्यासाठी प्रत्येक हिस्सेदाराचं पॅन आधी जमवा. एखादा भाऊ अनिवासी असेल तर त्याच्या वाट्यावरची कपात बरीच जास्त असते. कमी दराचा दाखला मिळवायला वेळ लागतो, म्हणून सीएला साठेखताआधी भेटा. परदेशातून येणारं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित हवं आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ते राहिलं की दुय्यम निबंधकाच्या दारातून परत यावं लागतं.

खरेदीखत झाल्यावर किल्ल्यांबरोबर एक वही द्या: पंपाची वेळ, टाकी साफ केल्याची तारीख, वाळवीचं औषध कधी मारलं, विहीर कधी उपसली, कौलं चाळणाऱ्या माणसाचा नंबर, त्याची परवानगी घेऊन. वीजमीटर, घरपट्टी आणि नळाचं कनेक्शन नव्या मालकाच्या नावे करायचे अर्ज त्याच दिवशी सही करून ठेवा. पुढच्या महिन्यात सातबारा काढून फेरफार मंजूर झाला का ते एकदा बघा. नोंद अडकली तर नोटिसा जुन्याच नावांवर, म्हणजे तुमच्या पत्त्यावर येत राहतात.